घोडीची कुळी

“तू हो बाजूला. तिला धरू दे,” ठकू आत्या म्हणाली आणि माझ्या हातातलं दावं काढून तिनं शाल्मलीच्या हातात दिलं.

गेली पंधरा मिनिटं मी त्या तांबड्या घोडीशी झटत होतो. मानेवरची शीर स्वच्छ दिसत होती, सुई तयार होती, रक्ताची नळी खिशात होती. पण मी बोट लावलं की घोडी कान मागं पाडायची आणि गर्रकन फिरायची. एकदा तर माझ्या पायावर खूर रोवून खुशाल उभी राहिली. आणि आता शाल्मलीनं नुसतं दावं धरलं, घोडीच्या नाकासमोर आपला तळहात नेला, तिच्याशी काहीतरी पुटपुटली, तर ती सटवी मान खाली घालून गरीब गाईसारखी उभी!

“बघ,” आत्या म्हणाली. “जनावराला मानूस कळतंय.”

मी मुकाट्यानं रक्त काढलं, नळीवर आकडा टाकला आणि ती बर्फाच्या डब्यात ठेवली. हात कामात होते, पण पोटात दुखत होतं. घोडी माझ्या सख्ख्या आत्याची, वाडा माझ्या माणसांचा, आणि कौतुक कुणाचं, तर पुण्याच्या पेठेतून आलेल्या उकिडव्यांच्या मुलीचं! वाडा म्हणजे आमच्यात घर नव्हे. मेंढरं, कुत्री, घोडी, बाया-माणसं मिळून शेतात जो तळ पडतो, त्याला आम्ही धनगर वाडा म्हणतो. असल्या वाड्यावर, मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळ्याशेजारी मी जन्मलो होतो. मारकडांच्या घरातला मी पहिला शिकलेला, जनावरांचा डॉक्टर झालेला. डॉक्टर धुळदेव मारकड. आणि माझी आत्या मला म्हणते, बाजूला हो.

सतरा वर्षं झाली त्याला. पण तो पायावरचा खूर मला अजून जाणवतो.

आमचं काम काय होतं ते सांगतो. अंगात रोगजंतू शिरला की हा परका आहे, याला धरा, असं शरीराला सांगणारी काही जनुकं असतात. एका जातीच्या घोड्यांत या जनुकांचे जितके जास्त प्रकार, तितकी ती जात साथीला पुरून उरते. सगळ्यांपाशी तेच ते चार प्रकार असले, तर त्या चारांना ओळखू न येणारा रोग आला की सगळी जातच आडवी. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांचं हे काम दुसरे लोक करत होते. आमच्या संस्थेकडे भीमथडी तट्टं आली होती, म्हणजे आमच्या वाड्यांवर बिऱ्हाड वाहणारी, खडकातून रात्रंदिवस चालणारी बुटकी घोडी. पारनेरच्या बाजूची पंचवीस शाल्मलीनं तपासायची, इंदापूर-माळशिरसकडची पंचवीस मी. अट एकच. कुठलीही दोन घोडी जवळच्या नात्यातली नकोत, नाहीतर तेच रक्त पुन्हा पुन्हा मोजल्यासारखं होईल.

आणि संस्थेत एक कायमची जागा निघणार होती. एकच. आम्ही दोघंही वर्षावर्षाच्या नेमणुकीवर होतो, दोघांचं वय सारखं, शिक्षण सारखं. ती दुपारी वाचनालयात बसून कसलासा लांबलचक अर्ज भरायची, तो कशाचा हे विचारायची मला गरज वाटली नाही. एवढं कळत होतं की जागा मिळाली तर मी मारकडांचा पहिला कायम पगाराचा माणूस, न मिळाली तर शिकून वाया गेलेला पोरगा. आणि माझ्या वाटेत उभी होती ती ही, जिनं आपली पंचवीस घोडी दिवाळीच्या आत संपवली होती. म्हणून तर आमच्या प्रमुख मॅडमनी तिला माझ्या मदतीला धाडलं होतं. मदतीला! माझ्या माणसांत!

“आत्या, हिची आई कोण?” शाल्मलीनं घोडीच्या मानेवर हात फिरवत विचारलं. वही तिच्या काखेत होती.

मला हसू आलं. खरं सांगायचं तर मी ते मुद्दाम मोठ्यानं हसलो.

“अगं, असं कुणी विचारतं का? गावाकडं कुळी विचारतात. आत्ती, कुठल्या कुळीची गं घोडी?”

“हाक्यांची,” आत्या म्हणाली. हाके म्हणजे तिचं सासर. “आन् आईचं म्हंशील तर हिची आई...”

“राहू दे आत्ती, तेवढं पुरे.” मी वहीत लिहिलं: वाडा अकरावा, कुळी हाके. वही मिटली. अकरा वाडे फिरलो होतो मी, आणि अकरा वेगवेगळ्या कुळ्यांची नावं माझ्या वहीत होती. कोळपे, देवकाते, शिंगाडे, लकडे. शाल्मलीच्या वहीत मात्र घोड्यांच्या आयांची नावं होती, चंद्री, मैना, बिजली, जणू ती वंशावळ नव्हे तर लग्नाच्या बोलावण्याची यादी करत होती. मी ते मनातल्या मनात मॅडमना सांगूनही टाकलं.

जेवताना आत्यानं तिला परातीतली पहिली भाकरी वाढली. वर मेंढीच्या दुधाचं दही. “खा लेकी, वाळलीयास.” मला म्हणाली, “धुळा, तू घे रं तुझं तू.” मी माझं मी घेतलं. आमच्याकडे घरच्या माणसाला वाढत नाहीत, तो हातानं घेतो, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्या घासाला चव लागली नाही.

*

निकाल आले ते होळीच्या सुमाराला. राजोपाध्ये मॅडमनी दोघांना खोलीत बोलावलं. कुमुदिनी राजोपाध्ये म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. साठीच्या जवळच्या, सदा तोंडात वेलदोडा. त्या शाल्मलीला ‘तू’ म्हणायच्या आणि मला ‘तुम्ही’. बाहेरच्या माणसाला वाटेल, मला मान जास्त. पण मराठीत वाढलेल्या माणसाला कळतं की कुणाला दारात खुर्ची दिली आणि कुणाला आत ओसरीवर घेतलं. तीन वर्षं मी त्या खुर्चीवर बसून होतो.

“शाल्मली, तुझ्या पंचवीसात एकोणीस प्रकार,” त्या कागद पुढं सरकवत म्हणाल्या. “छानच आहे. इतकं वैविध्य मी अपेक्षिलं नव्हतं.” मग चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. “मारकड, तुमच्या पंचवीसात सहा.”

“सहा?”

“सहा. त्यातही दोनच प्रकार जवळपास सगळीकडे. हे खरं असेल तर तुमच्याकडची घोडी धोक्यात आहेत. मला अहवालात लिहावं लागेल की तिकडच्या तट्टांत आपसात फार वीण झालेली आहे, बाहेरचं रक्त आणायला हवं. मग काठेवाडी वळू येतील, आणि दहा वर्षांत तुमचं तट्टू तट्टू राहणार नाही.”

माझे कान तापले. माझी माणसं ज्या घोड्यांवर पोरं बांधून घाट उतरतात, ती घोडी कुचकामी? आणि तिची एकोणीस? मी तिच्याकडं पाहिलं. ती माझ्याच कागदाकडं बघत होती, कपाळाला आठी घालून, आणि मला वाटलं ती आतून हसत असणार. तिच्या जागी मी असतो तर हसलो असतो.

“मॅडम, एक सांगू का?” मी म्हणालो. “तिच्या घोड्यांत प्रकार जास्त असणारच. भेसळ आहे तिथं.”

“भेसळ?”

“तिच्या फोटोत मी पाहिलंय. वाड्याच्या मागं एक उंच पांढरा घोडा बांधलेला आहे, कान आत वळलेले. वरातीचा मारवाडी. तो त्या घोड्यांवर चढवतात. मिश्र रक्त असलं की प्रकार वाढणारच. तिचे पंचवीसच्या पंचवीस नमुने बाद करायला हवेत.”

घोडा मी पाहिला होता. तो घोड्यांवर चढवतात हे मी पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. ते वाक्य माझ्या तोंडातून असं सुटलं की मला स्वतःलाच ते खरं वाटलं. मॅडमनी कागद खाली ठेवला.

“शाल्मली?”

“घोडा आहे, मॅडम. त्याचा मालक लग्नसराई संपली की चाऱ्यासाठी त्याला त्या वाड्यावर ठेवतो.” मग ती माझ्याकडं वळली. आवाज अजिबात चढला नव्हता. “पण तो खच्ची केलेला आहे, धुळदेव. वरातीत बँड वाजला, गर्दीत घोडी दिसली, तरी बिथरू नये म्हणून खच्चीच करतात. मी बघून घेतलं होतं.”

मॅडमनी तोंडातला वेलदोडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. हसू दाबण्याची ती त्यांची रीत होती. जनावरांच्या डॉक्टरला घोडा आणि खच्ची घोडा यातला फरक एका ब्राह्मणाच्या मुलीनं शिकवावा! धरणी दुभंगेल तर बरं, असं म्हणतात ते उगाच नाही.

“मग घोडं पेंड खातंय ते मारकडांच्या बाजूला,” मॅडम म्हणाल्या. “दोघं जा. घोडी पुन्हा बघा, नाती पुन्हा विचारा. वीस तारखेला समिती बसणार आहे, जागा त्याच दिवशी ठरेल. ज्याचं काम उभं राहील, त्यानंच ते समितीपुढं मांडावं.”

*

वाडा तोवर नीरेच्या काठाला सरकला होता. कांदा निघालेल्या एका रानात मेंढरं बसवली होती. ऊन असं की बोलायला तोंड उघडावंसं वाटू नये. आम्ही फाट्यावर एसटीतून उतरलो आणि दोन मैल चाललो. वाड्याजवळ गेलो तसं आमचं कुत्रं माझ्यावर भुंकलं आणि तिच्या पायाशी जाऊन शेपूट हलवू लागलं. कुत्र्यानंसुद्धा!

“आली का माजी लेक!” आत्या म्हणाली. मग माझ्याकडं बघून, “तूबी आलास? बरं झालं.”

शाल्मली पाणी प्यायली, तिनं वही उघडली आणि मला विचारलं, “मी विचारू?”

“विचार की. तुझीच आत्या आहे,” मी म्हणालो. तिनं सरळ आत्याकडं तोंड वळवलं.

“आत्या, या तांबडीची आई कोण?”

“लाडीची लेक ही. लाडी आमच्या म्हायेरची. माज्या बापानं लगनात दिल्याली मला.”

माझ्या हातातलं पेन थांबलं. आत्याचा बाप म्हणजे माझा आजा. म्हाकू मारकड.

“आणि ती देवकात्यांच्या वाड्यावरची काळी?”

“ती पवळीची नात. पवळीबी आमचीच. माज्या धाकल्या भनीला दिल्याली, गजराला. गजरा देवकात्यांत पडली.”

“कोळप्यांकडची?”

“लाडीची.”

“शिंगाड्यांकडच्या दोन?”

“एक लाडीची, एक पवळीच्या लेकीची. शिंगाड्यांत माजी पुतनी न्हाय का, हिराबाय! तिला दिली.” आत्या पदरानं तोंड पुसत बोटांवर मोजू लागली. तिला आता रंग चढला होता. “आमच्या बापाचा नेमच हुता. लेक सासरी निगाली की तिच्यासंगं एक घोडी. पुढं तिच्या लेकीला त्या घोडीची लेक. आमच्या बायकांस्नी सोनं न्हवतं, घोडी हुती. अकरा वाड्यांवर आमच्या घरच्या बायका हायत, आन् अकराबी वाड्यांवर लाडी-पवळीची पिलावळ हाय.”

“आणि घोडा कुणाचा? म्हणजे घोड्या कुणाकडून भरवता?”

“कुनाकडून म्हंजी? आमच्या म्हायेरच्या बापूचा काळा हाय की. त्योच फिरतुया समद्या वाड्यांवर. घरचा सोडून परक्याचा कशाला आनू?”

दोन घोड्या आणि एक वळू. माझे पंचवीस नमुने म्हणजे एकाच घरच्या लेकी, नाती आणि पणत्या. अकरा वाडे उन्हातान्हात पालथे घालून मी माझ्या आजाचाच गोठा अकरा वेळा मोजून आलो होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

“आत्ती,” मी म्हणालो, “मग तू मला कुळी हाक्यांची का सांगितलीस? घोडी मारकडांची आहे ना?”

आत्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी कुणी परदेशी पाहुणा आहे.

“आरं येड्या, लेकीबरं गेली की घोडी तिकडची झाली. मी काय मारकडांची ऱ्हायले व्हय? हाक्यांची झाले. घोडीबी हाक्यांची झाली. कुळी इचारलीस, कुळी सांगितली. रगत कुटं इचारलंस तू?”

शाल्मली भराभर लिहीत होती. तिनं मान वर केली नाही, आणि त्याबद्दल मी तिचे आभार मानायला हवे होते. पण मला तेव्हा एवढंच दिसत होतं की माझ्या घरची, माझ्या आजाची, आमच्या बायकांच्या आंदणाची गोष्ट हिच्या वहीत उतरते आहे. मला कुणी कधी ती सांगितली नव्हती. मी शहाणा होतो ना, मला कुळी विचारता येत होती! हिला आमचं काहीच ठाऊक नव्हतं म्हणून हिनं अडाण्यासारखं विचारलं, हिची आई कोण, आणि खरं हिच्या पदरात पडलं.

फाट्यावर एसटीची वाट बघत आम्ही टपरीवर चहा घेतला. तिनं वही माझ्यापुढं ठेवली.

“हे मॅडमना तू सांग,” ती म्हणाली.

“मी? का?”

“तुमच्या घरातली गोष्ट आहे. माझ्या तोंडून बरी दिसणार नाही. आणि ‘कुळी’ या शब्दानं हे सगळं कसं घडलं ते तुझ्याइतकं कुणाला सांगता येणार नाही. मी फक्त बरोबर प्रश्न विचारला एवढं सांगितलंस तरी पुष्कळ.” मग म्हणाली, “तेवढं मात्र सांग हं.”

“सांगतो,” मी म्हणालो. तिच्या चहाचे पैसेही मीच दिले.

माणसानं आपल्याशी वाईट वागावं, मग त्याचा राग करणं सोपं जातं. ती चांगली वागली, आणि एसटीत तिच्या शेजारी बसून पुण्यापर्यंत माझ्या अंगाचा तिळपापड होत राहिला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमच्या खोलीत गेलो. त्या काहीतरी लिहीत होत्या. पेनचं टोपण उघडं, समोर संस्थेच्या छापील मथळ्याचा कागद. मी उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली आणि चांगलं सांगितलं. आमच्यात लग्नानं बाईची कुळी कशी बदलते, तिच्याबरोबर दिलेल्या घोडीचीही कशी बदलते, आजाची लाडी आणि पवळी, बापूचा काळा वळू. तट्टांत वैविध्य नाही असं नाही, मी एकाच घरातली तट्टं मोजली. आजाच्या नात्याबाहेरचे वाडे मला माहीत आहेत, तिथं जाऊन नवे नमुने आणतो, बाहेरचे वळू आणायची काही गरज नाही.

मॅडम ऐकता ऐकता खुर्चीत मागं रेलल्या. वेलदोडा चावायचं थांबल्या.

“धुळदेव,” त्या म्हणाल्या, “हे तुलाच सापडू शकत होतं. आम्ही बाहेरची माणसं जन्मभर कुळ्या लिहून घेत बसलो असतो.”

तुलाच. तीन वर्षांनी मला पहिल्यांदा आत बोलावलं होतं. मला फार बरं वाटलं. आता बोलायला हवं होतं. मॅडम, सापडलं ते मला नाही, तिला. मी तर तो प्रश्न थांबवला होता. वाक्य तयार होतं, जिभेच्या टोकावर होतं.

“यात शाल्मलीचा भाग काय?” मॅडमनी विचारलं. पेन हातात घेतलं होतं.

“सोबत होती,” मी म्हणालो.

“दोन्ही वेळा?”

“हो, दोन्ही वेळा.”

एक अक्षर खोटं बोललो नाही मी. मॅडमनी मान हलवली आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं.

वीस तारखेला समितीपुढं मी कुळीची गोष्ट सांगितली. मोठमोठी माणसं खुर्च्या पुढं ओढून ऐकत होती. एक म्हातारे शास्त्रज्ञ म्हणाले, ज्ञान असं मातीतून यावं लागतं. शाल्मली तिसऱ्या रांगेत बसली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तिनंही वाजवल्या. मी तिच्याकडं बघायचं टाळलं. संध्याकाळी जागा मला मिळाल्याचं कळलं, आणि मी पहिलं काय केलं असेल तर तिचं तोंड बघायला वाचनालयात गेलो. हरलेलं तोंड बघायचं होतं मला. ती तिथं नव्हती.

ती भेटली अडीच महिन्यांनी, संस्थेतला तिचा शेवटचा दिवस होता तेव्हा. मी माझ्या नव्या टेबलाशी बसलो होतो. ती आली आणि समोरच्या खुर्चीवर बसली.

“अभिनंदन राहूनच गेलं,” ती म्हणाली.

“तुला वाईट वाटलं असेल,” मी म्हणालो. त्या बोलण्यात जिंकलेल्या माणसाचा जो मोठेपणा असतो तो होता, आता आठवलं तरी लाज वाटते. “जागा एकच होती. कुणाला तरी एकालाच मिळणार.”

“मला कशाला वाईट वाटेल? मी त्या जागेला अर्जच केला नव्हता.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“मॅडमना पहिल्यापासून माहीत होतं. मी स्कॉटलंडच्या एका प्रयोगशाळेत अर्ज केला होता, याच जनुकांवर काम करायला. वर्षभर त्याचीच तयारी करत होते.” तिनं पिशवीतून एक कागद काढला. “त्यांना प्रमुखांचं पत्र लागतं. उमेदवारानं स्वतः काय शोधलं, तेवढंच त्यात लिहायचं असतं. तिकडून परवा नकार आला. काम नीटनेटकं आहे, पण स्वतःचं असं काही दिसत नाही, म्हणाले. म्हणून मी मॅडमकडून पत्राची प्रत मागून घेतली.”

संस्थेचा छापील मथळा, मॅडमचं ठाशीव अक्षर. खाली तारीख होती, मी खोलीत गेलो होतो त्या सकाळची. पंधरावीस ओळी होत्या. शाल्मली कष्टाळू आहे, जनावरांशी तिचा हात मऊ आहे, तिचे नमुने निर्दोष होते. आणि शेवटून दुसऱ्या ओळीत: भीमथडी घोड्यांच्या वंशावळीतली महत्त्वाची चूक ज्या दोन फेऱ्यांत उघडकीस आली, त्या दोन्ही वेळा ती सोबत होती.

“हे शब्द तुझे ना?” तिनं विचारलं. “मॅडम ‘सोबत’ म्हणत नाहीत. त्या ‘बरोबर’ म्हणतात.”

मी हो म्हणालो. खोटं बोलायला जागाच नव्हती. मी काहीबाही पुढं बोलू लागलो. मी आत्ता जातो, मॅडमना खरं सांगतो, नवीन पत्र पाठवायला लावतो.

“मुदत गेली,” ती म्हणाली.

मी जागेसाठी तिच्याशी वर्षभर मनात भांडत होतो, आणि ती त्या जागेच्या आसपासही नव्हती. मी तिचं जे घेतलं ते मला नकोच होतं. मला हवं होतं ते न घेताही मिळालं असतं.

तिनं कागद घडीवर घडी घालून पिशवीत ठेवला. मला वाटलं आता ती रडेल, नाहीतर दोन शब्द सुनावेल. मी त्याची वाट बघत होतो, कारण त्यानंतर आम्ही सारखे झालो असतो. ती उठली. खुर्ची होती तशी टेबलाखाली सारली. “नवे नमुने घ्यायला जाशील तेव्हा खरे आकडे मला कळव,” म्हणाली. “मला खरंच जाणून घ्यायचं आहे.” आणि गेली.

माणूस इतकं लुटलं गेल्यावरही घोड्यांचे आकडे विचारू शकतं! मी त्या टेबलाशी बसून राहिलो, आणि देवाशपथ सांगतो, मला पश्चात्ताप झाला तो मागून, पुढच्या आठवड्यात. त्या घटकेला मला वाटला तो फक्त तिचा हेवा.